धातू कुठला आणि वस्तू कुणाची?

विळीच्या पात्यावरचा गंज कसा काढावा, बिडाचा तवा पावसाळ्यात कसा राखावा, हे अशा पानांवर तुम्ही पुष्कळदा वाचले असेल. आज मी जरा निराळाच गंज काढायला बसले आहे. खेळण्यातल्या आगगाडीच्या चाकांवरचा! हसलात ना? आमच्या सासूबाईही अशाच हसल्या. "शाळेच्या अर्ध्या पगारात भागेना, म्हणून आमची सूनबाई आता भंगार विकायला निघाली," असे त्यांनी शेजारच्या काकूंना कुंपणावरून सांगितलेसुद्धा. पण त्या भंगाराने मला दोन गोष्टी शिकवल्या, आणि त्या तुमच्याही माळ्यावरच्या ट्रंकेला लागू पडतील म्हणून आज लिहिते आहे.

आधी गाडीची कुळकथा सांगते. आम्ही चिपळूणचे. मामंजी सात वर्षांचे असताना, म्हणजे १९५७ साली, त्यांच्या मामांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुनी किल्लीची आगगाडी आणली. इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरी फ्रँक हॉर्नबी नावाचे गृहस्थ होते. मुलांचे ते मेकॅनो त्यांनीच काढले. त्यांच्या कारखान्यातून १९२० सालापासून पत्र्याच्या अशा गाड्या निघू लागल्या. त्यातलीच ही एक, कुठल्या साहेबाच्या घरातून बाजारात आली कोण जाणे. पुढे दर मे महिन्यात मामा एखादा डबा घेऊन येत. कधी हॉर्नबीचा, कधी भलत्याच कारखान्याचा. चाके रुळावर बसली म्हणजे झाले! गंमत पाहा, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. आमच्या ओटीवर मात्र आगगाडी चाळीस वर्षे आधीच धावत होती. आळीतली मुले ती बघायला रांग लावत, असे मामंजी सांगतात. मामंजींच्या नंतर आमचे हे आणि वन्सं तिच्याशी खेळले.

मग आला २०२१ चा जुलै. बावीस तारखेला वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. आम्ही शेजारच्या दुमजली घरात वर गेलो, म्हणून जिवानिशी वाचलो. आमच्या घरात पाणी माळ्याच्या खाली वीतभर येऊन थांबले. माळा कोरडा राहिला. पण गाडी माळ्यावर नव्हती हो! आठच दिवस आधी मामंजींनी ती नातवाला दाखवायला म्हणून खाली काढली होती आणि कपाटाच्या तळच्या कप्प्यात ठेवली होती. पुरात ते कपाटच आडवे झाले. पत्र्याचे डबे चेपले, इंजिनात चिखल भरला. त्या दिवसांत धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके सगळेच रस्त्यावर टाकावे लागले. तिथे खेळण्याचे कुणाला पडले होते? मामंजींनी तेवढी डब्यांची चाके काढून घेतली, एका बिस्किटांच्या डब्यात भरली आणि डबा मागच्या पडवीत ठेवून दिला. पुढे त्यांनी तो उघडला नाही की त्याचे नाव काढले नाही.

गेल्या मे महिन्यात पडवी आवरताना तो डबा माझ्या हाती आला. आत तांबड्या मातीच्या ढेकळांसारखे काहीतरी. भंगारवाल्याने हातात तोलून "पंधरा रुपये" म्हटले. मी देणारच होते, इतक्यात मला शाळेची सहल आठवली. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेले. मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. इवलेसे सिग्नल, पूल, फलाट, आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या बघून मुलांपेक्षा बरोबर आलेले पालकच जास्त हरखले होते. म्हणजे मोठी माणसेही हा छंद मनापासून करतात तर! आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंजवळ मी हा विषय काढला. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या भावाचे एक स्नेही पुण्यात आहेत. बँकेतून निवृत्त झालेत. जुन्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांना डबे मिळतात, पण धड चाके मिळत नाहीत म्हणून ते सदा रडत असतात." झाले! मी पंधरा रुपयांवर पाणी सोडले आणि डबा घरात घेतला.

माझी फजिती

आता माझी चूक सांगते. ती ऐकून घ्या, म्हणजे तुमच्या हातून व्हायची नाही.

डब्यात एकोणीस जोड्या निघाल्या. जोडी म्हणजे एक दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन चाके. मला वाटले, आपण मोठ्या हुशार! फ्रिजवरचे चुंबक घेतले आणि एकेका जोडीला लावले. सगळ्या जोड्या टपाटप चिकटल्या. म्हणजे सगळे लोखंडच, असा मी निकाल दिला. पहिल्या सहा जोड्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या आणि खुशाल झोपले.

सकाळी बघते तर चार जोड्यांचा गंज सुटला होता, पण उरलेल्या दोन जोड्यांवर बारीक बुडबुडे चढलेले, आणि चाके करपलेल्या भाकरीसारखी खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची! मी बरणी तशीच शाळेत नेली. विज्ञानाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अगं, हे जस्त आहे. प्रयोगशाळेत आपण आम्लात जस्ताचे तुकडे टाकून हायड्रोजन काढतो ना, तोच प्रयोग तू रात्रभर केलास!"

मग चुंबक कसे चिकटले? अहो, ते दांडीला चिकटले. दांडी पोलादाची असते, ती आपल्याबरोबर चाकांनाही उचलते. चुंबक लावायचे ते चाकाच्या कडेला, आणि दांडी दूर ठेवून. एवढीशी गोष्ट, पण ती न कळल्याने साठ-सत्तर वर्षांची दोन जोडी चाके मी एका रात्रीत खाऊन टाकली.

आधी धातू ओळखा

अशा जुन्या चाकांत साधारण तीन-चार प्रकार सापडतात. पहिली, पत्र्याची दाबून केलेली चाके. ती हलकी, मागून पोकळ असतात. यांना चुंबक चिकटते आणि खरा तांबडा गंज यांनाच चढतो. दुसरी, ओतीव करड्या धातूची. याला इंग्लंडात मझॅक म्हणतात. मुख्य जस्त, आणि त्यात थोडे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे. ही वजनदार असतात, चुंबकाला दाद देत नाहीत. यांच्यावर दिसणारा तांबडा रंग बहुधा दांडीच्या गंजाचा डाग असतो, त्यांचा स्वतःचा नव्हे. तिसरी पितळेची, वर निकेलचा मुलामा असलेली. मुलामा झिजला असेल तिथे पिवळेपणा दिसतो. आणि चौथी, अलीकडची प्लास्टिकची. त्यांची फक्त दांडी गंजते.

जस्ताच्या चाकांचा आणखी एक आजार आहे. ओतताना त्या धातूत शिशाचा थोडासा जरी अंश मिसळला गेला असेल, तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी तुकडे गळतात. दमट हवेत हे लवकर होते. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. यावर औषध नाही. अशी जोडी घासून, रंगवून साजरी करू नका. ती बाजूला काढा.

साहित्य आणि कृती

साहित्य सगळे घरातलेच आहे: दोन जुने टूथब्रश, शिलाई मशीनचे तेल, चुंबक, पांढरे व्हिनेगर, खायचा सोडा, जुन्या सुती पातळाचे तुकडे, एक रिकामी काचेची बरणी आणि रबरी हातमोजे. पूर्वी अशा कामाला रॉकेल लागे. आता ते सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. एक मात्र बजावते. स्वयंपाकाचे भांडे, चमचा, गाळणे यातले काही घेऊ नका. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. म्हणूनच कोरडी चाके पॉलिश पेपरने घासून धूळ उडवायची नाही, आणि मुलांना जवळ बसवायचे नाही.

प्रथम कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून माती धुवा, लगेच पुसून उन्हात कोरडी करा. मग प्रत्येक चाकावर आणि दांडीवर तेलाचे थेंब सोडून एक दिवस राहू द्या. भिजल्या डाळीसारखा गंज तेलाने सैल होतो. दुसऱ्या दिवशी तेलातच ब्रशने घासून फडक्याने पुसा. ही रीत कुठल्याही धातूला चालते, आणि माझ्या बहुतेक जोड्या एवढ्यानेच निघाल्या.

जी पोलादी चाके तरीही हट्ट सोडत नाहीत, आणि ज्यांवर रंग नाही, तेवढीच व्हिनेगरमध्ये टाका. वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. समोर बसून राहा. दूध तापत ठेवल्यावर आपण हलतो का? तसेच. पत्रा पातळ असतो, रात्रभर ठेवलात तर तोही खाल्ला जातो. बाहेर काढल्यावर चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून एकदा, साध्या पाण्यातून एकदा काढा, आणि त्याच क्षणी पुसा. ओले लोखंड पाच-दहा मिनिटांतही पुन्हा तांबूस होऊ लागते. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर फिरवा. शेवटी तेलाचे बोट लावून पुसून टाका.

कुठे थांबायचे? चाक मोकळे दिसले आणि फडक्याला तांबूस लागेनासे झाले की थांबायचे. आपल्याला तांब्या-पितळ लखलखीत करायची सवय, पण इथे लकाकी नको. जुन्या वस्तूचे जुनेपण हीच तिची किंमत असते. खाचेत राहिलेला काळसर डाग तसाच असू द्या. दांडी वाकलेली आहे का ते पाहायला आरशाची काच किंचित तिरपी धरून त्यावरून जोडी घरंगळू द्या. सरळ गेली तर चांगली, भरकटली तर वाकडी.

मामंजी

ती खराब झालेली दोन जोडी चाके मामंजींना दाखवायची माझी छाती होईना. दोन दिवस ती पदराखाली लपवल्यासारखी लपवली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मामंजी, माझ्या हातून ही वाया गेली. तुम्हाला न विचारताच हे काम काढलं, तेही चुकलंच."

त्यांनी एक चाक उचलले, बोटांवर फिरवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तुझी दोनच जोड्या गेली. मी तर अख्खी गाडी घालवली. खाली काढली नसती तर राहिली असती ती."

एवढी वर्षे हे त्यांनी मनात ठेवले होते! सासूबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनीही ताट खाली ठेवले. म्हणाल्या, "नातवाला दाखवायला काढलीत. चोराला द्यायला नव्हे." नेहमी टोमणे मारणाऱ्या सासूबाई, पण त्या दिवशी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मामंजी उठले, चष्मा घेऊन आले आणि पडवीत माझ्यासमोर बसले. उरलेल्या जोड्या आम्ही दोघांनी मिळून साफ केल्या. ही कुठल्या डब्याची, ही मामांनी कुठल्या वर्षी आणलेली, हे सांगत ते ब्रश चालवत होते. दोन दांड्या निराळ्या दिसल्या. म्हणाले, "या मी बसवल्यात. सायकलच्या दुकानातून तार आणून. लाल डब्याच्या आहेत."

वस्तू कुणाची?

विकायला त्यांनी हसत परवानगी दिली. "पेटीत गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी रुळावर फिरू देत," म्हणाले. मला वाटले, झाले, आता मार्ग मोकळा. तरीपण रात्री डोंबिवलीला वन्संना फोन केला, सहज सांगावे म्हणून. त्या जरा वेळ गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, विका खुशाल. पण त्यातला लाल डबा माझा होता हं. दादा मला इंजिनाला हात लावू देत नसे, म्हणून बाबांनी तो माझ्या नावाचा करून दिला होता."

मैत्रिणींनो, मी फोन केला नसता तर? पंधरा रुपयांचे भंगार समजून मी वन्संचे बालपण विकून बसले असते, आणि त्या कधी बोलल्याही नसत्या. माहेरच्या माळ्यावर आपलेही काहीतरी असतेच ना? आपल्या भावजयीने न विचारता ते काढून टाकले तर आपल्याला काय वाटेल? लाल डब्याच्या दोन जोड्या मी वेगळ्या काढल्या, तेल लावून, फडक्यात गुंडाळून.

विक्री

आता हिशेब. एकोणीसपैकी दोन माझ्या हुशारीने गेल्या, एक गंजून भोक पडलेली निघाली, एका जस्ताच्या जोडीला भेग होती, दोन वन्संच्या. राहिल्या तेरा.

विकताना मापे द्यावी लागतात. रुळांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ३२ मिलिमीटर असेल त्या गाड्यांना ओ गेज म्हणतात. आमची त्यातली. १६.५ मिलिमीटरच्या लहान गाड्या वेगळ्या. हॉर्नबीच्या कारखान्याने तशा १९३८ साली काढल्या. चाकाचा व्यास, दांडीची लांबी आणि दोन चाकांमधले अंतर पट्टीने मोजून लिहा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. चाक कुठल्या कारखान्याचे हे नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. आणि दोष आधी सांगा. मी भेगेच्या जोडीचा फोटोही पाठवला आणि लिहिले की ही देत नाही, पण माझ्याकडे आहे. त्या गृहस्थांचे उत्तर आले, "एवढे स्पष्ट लिहिणारे कमी भेटतात." भाव त्यांनीच सांगितला, जोडीमागे दीडशे. मी बाईंच्या भावाकडून आणखी एकाला विचारून पाहिले. त्यानेही जवळपास तेवढेच सांगितले, म्हणून होकार दिला.

तेरा जोड्यांचे एकोणीसशे पन्नास झाले. पैसे आधी घ्या, वस्तू नंतर पाठवा, यात भिडेचे काही नाही. मोबाइलवरून पैसे येताना आपल्याला पिन टाकावा लागत नाही, हेही लक्षात असू द्या. कुणी टाकायला सांगितला तर सरळ फोन ठेवा. प्रत्येक जोडी वेगळी गुंडाळली, बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकल्या, आणि स्पीड पोस्टाने रवाना केली.

पैसे मामंजींच्या हातावर ठेवले. त्यांनी ते परत माझ्या हातात दिले. "मेहनत तुझी," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मग घरासाठीच काहीतरी घ्या." मी घट्ट झाकणाची मोठी पेटी आणली. घराचे कागद, रेशनकार्ड, मुलाची प्रमाणपत्रे, लग्नातले चार फोटो आणि वन्संची ती दोन जोडी चाके त्यात घातली, आणि पेटी माळ्यावर चढवली. आमच्या घरचा नवा नियम असा की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती खाली उतरायची नाही. नातवाने हट्ट केला तरीही!

महिन्याभराने पुण्याहून एक छोटी चित्रफीत आली. एक निळा डबा, कुणा दुसऱ्याच्याच गाडीचा, आमच्या चाकांवर गोल रुळावरून खडखडत चालला होता. मामंजींनी मोबाइल कानाजवळ धरला. म्हणाले, "आवाज तोच आहे." आणि पुन्हा लावायला सांगितला.

तेव्हा मैत्रिणींनो, सुट्टीत माळा आवरायला काढाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दोन प्रश्न विचारा. धातू कुठला आहे? आणि वस्तू कुणाची आहे? पहिल्याचे उत्तर चुंबक देईल. दुसऱ्यासाठी एक फोन करावा लागेल, तो मात्र आधी करा. तुमच्या माळ्यावर काय सापडले ते मला जरूर कळवा.